रूळ, कालवा, मेंढवाट : स्पेनमधल्या खडीच्या सायकलवाटांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न स्पेनच्या ग्रामीण भागातल्या, मोटारी नसलेल्या मातीच्या आणि खडीच्या वाटांबद्दल आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : नकाशावर स्पेनभर कच्च्या वाटांचं जाळं दिसतं. त्यातली कोणती वाट आपल्याला झेपेल, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

वाट मुळात कशासाठी तयार झाली, ते आधी शोधा. चढ किती, पाणी कुठे, चिखल कसा, हे निम्म्याहून जास्त तिथेच कळतं.

रेल्वेसाठी बांधलेली वाट तीन टक्क्यांपेक्षा जास्त चढत नाही, कारण इंजिनाला ते झेपत नसे. डोंगर आला की ती बोगद्यात शिरते आणि दरी आली की पुलावरून जाते. कालव्याकाठची वाट तर सपाटच असते. लॉकपाशी, म्हणजे नाव वरखाली करायच्या दगडी हौदापाशी, दोन-चार मीटरची उडी आणि पुढे पुन्हा पाण्याच्या पातळीत. मेंढ्यांसाठी राखलेली वाट रुंद असते, पण तिला बांधणी अशी नाही. मेंढीला दहा टक्के चढाचं काही वाटत नाही, तुमच्या गुडघ्यांना वाटतं. रोमन रस्ता सरळ आणि टणक जमिनीवरून जातो, पण दोन गावांतलं अंतर मोठं असतं.

पहिल्या प्रकारच्या वाटांना स्पेनमध्ये 'विया वेर्दे', म्हणजे हिरवी वाट म्हणतात. 1993 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात गाड्या बंद झालेले किंवा गाडी कधी धावलीच नाही असे साडेसात हजार किलोमीटरांहून जास्त रेल्वेमार्ग पडून होते. त्यांतले तीन हजार किलोमीटरांहून अधिक आज सायकलस्वारांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी खुले आहेत. खडीवर नवखे असाल तर इथूनच सुरुवात करा. मेंढवाटा दुसऱ्या खेपेला.

प्रश्न : बारा वर्षांची मुलगी बरोबर आहे. चार दिवस आहेत. एकच विया वेर्दे निवडायची तर कोणती?

दक्षिण स्पेनच्या अंदालुसियातल्या दोन वाटा एकाच सहलीत बसवता येतील.

पहिली 'विया वेर्दे दे ला सिएर्रा'. ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो, 36 किलोमीटर, 30 बोगदे, 4 मोठे पूल. 1920 च्या दशकात हा मार्ग खोदला गेला, पण काम अर्धवट राहिलं आणि त्यावरून प्रवासी गाडी कधीच धावली नाही. ओल्वेराकडून निघा, म्हणजे एकंदर उतार मिळतो. वाटेत साफ्रामागोनचा सुळका लागतो. तिथे ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. सकाळी ऊन तापून हवा वर उठू लागली की ती घिरट्या घालायला बाहेर पडतात, म्हणून दहा-अकराच्या सुमारास तिथे असावं. एका दिवसात ही वाट सहज होते. मुलीला त्याच वाटेने परत यायचं असेल तर मधल्या जुन्या स्टेशनावर मुक्काम करून दोन दिवस घ्या.

दुसरी 'विया वेर्दे देल आसेइते', तेलाची वाट. हाएन ते पुएन्ते हेनिल, 128 किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑलिव्हचं तेल वाहून नेण्यासाठी हा मार्ग टाकला गेला आणि आजही दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर ऑलिव्हच दिसतात. ग्वादाहोस नदीवरच्या लोखंडी पुलाशी हाएन प्रांत संपून कोर्दोबा सुरू होतो. चार दिवसांत ही सगळी वाट बसवायची घाई करू नका. लुके, सुएरोस, दोन्या मेन्सिया, काब्रा हा मधला तुकडा सर्वांत देखणा आहे, तेवढाच घ्या.

एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा. रेल्वे दरीच्या बाजूने जाते, गाव मात्र संरक्षणासाठी टेकडीवर वसलेलं असतं. दिवसभर दोन टक्क्यांनी चालवलेली सायकल संध्याकाळी स्टेशन ते गाव या शेवटच्या दीड-दोन किलोमीटरांत घाम काढते. सुएरोसचा किल्ला कड्यावर आहे, ओल्वेराचाही. शक्य असेल तर मुक्काम जुन्या स्टेशनच्या इमारतीत ठरवा, बऱ्याच ठिकाणी तिथे आता खानावळ आणि खोल्या आहेत.

प्रश्न : 'ओहोस नेग्रोस' या मार्गाला कोणत्या बाजूने सुरुवात करावी? दोन्हीकडून लोक जाताना दिसतात.

तेरुएलकडून समुद्राकडे. उलट्या दिशेने जाणाऱ्यांना व्यायाम हवा असतो.

ओहोस नेग्रोस म्हणजे काळे डोळे. तेरुएल आणि ग्वादालाहारा प्रांतांच्या सीमेवरच्या खाणींतलं लोहखनिज सागुन्तोच्या बंदरात आणायला ही रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली आणि 1972 मध्ये बंद पडली. भरलेल्या वाघिणी उताराने खाली आणि रिकाम्या वर, असा तिचा हिशेब होता. तुम्हीही तोच ठेवा. आज तिची सुमारे 160 किलोमीटर वाट सायकलला खुली आहे, स्पेनमधल्या सर्वांत लांब विया वेर्दे मार्गांपैकी ही एक.

'सगळा उतार' या समजुतीत मात्र राहू नका. तेरुएल सुमारे 900 मीटरवर आहे आणि पुढे एस्कांदोनची खिंड सुमारे 1,200 मीटरवर. म्हणजे पहिला दिवस चढाचाच. त्यानंतर बार्राकासपर्यंत पठार लागतं. तिथे सावली नाही, वारा भरपूर, आणि मेच्या सुरुवातीलाही सकाळी हातमोजे लागतात. खरा उतार बार्राकासनंतर. हेरिका, नावाहास, सेगोर्बे करत बदामाच्या बागा मागे पडतात आणि संत्र्याच्या सुरू होतात. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि तो तोंडावर येतो, म्हणून शेवटचा टप्पा सकाळी उरका. तीन दिवस पुरतात.

प्रश्न : कास्तियाचा कालवा 207 किलोमीटर आहे म्हणे. इतकं सपाट कंटाळवाणं नाही होत?

चढ-उतार हीच गंमत मानणाऱ्याला होईल. कालवा समजून घेत गेलात तर नाही होणार.

1753 मध्ये काम सुरू झालं आणि 1849 मध्ये संपलं. कास्तियाचा गहू उत्तरेच्या सांतांदेर बंदराकडे न्यायचा होता. खेचरं काठावरून चालत आणि दोराने नावा ओढत. तुम्ही सायकल चालवता ती हीच खेचरांची वाट. शतकभर खोदलेला हा कालवा पुरा झाला आणि दहा-पंधरा वर्षांतच शेजारून रेल्वे आली. नावांचा धंदा तिथेच बसला. पाणी मात्र आजही शेतीला जातं.

उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या त्याच्या तीन शाखा आहेत. उत्तर शाखा 75 किलोमीटर आणि 24 लॉक, काम्पोस शाखा 78 किलोमीटर आणि 7 लॉक, दक्षिण शाखा 54 किलोमीटर आणि 18 लॉक. लॉक म्हणजे नाव वरच्या पातळीवरून खाली उतरवायचा दगडी हौद. सुरुवातीचे लॉक लंबगोल आहेत, नंतरचे सरळ आयताकृती. ही नजर आली की कोणता तुकडा आधीचा, ते सायकलवरूनच ओळखता येतं. फ्रोमिस्ताला चार लॉकची सलग उतरंड आहे, सुमारे 14 मीटरची. तिथेच सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे जाणारी यात्रावाट कालव्याला येऊन मिळते आणि गावात अकराव्या शतकातलं सान मार्तिनचं चर्च आहे.

आलार देल रेयला ट्रेनने उतरा आणि पाण्याच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे निघा. एल सेर्रोनला वाटा फुटतात. काम्पोस शाखा मेदिना दे रियोसेकोला संपते. गाव सुरेख आहे, पण तिथे रेल्वे नाही. परतीची ट्रेन हवी असेल तर दक्षिण शाखेने वायादोलिदला जा. पल्ला रोज 45 ते 60 किलोमीटर ठेवा. कालव्यावर मधेच टेकायला उतार मिळत नाही. पाय सतत फिरतात, बैठक बदलत नाही आणि 50 किलोमीटरनंतर खोगीर बोलू लागतं. दर अर्ध्या तासाने मिनिटभर उभं राहून पेडल मारा. काठावर गवत वाढलेलं असतं तिथे चाकोरी अरुंद होते आणि एका हाताला पाणी असतं. समोरून कोणी आलं तर थांबावं, कसरत करू नये.

प्रश्न : मेंढ्यांच्या वाटांवर सायकल चालवणं कायदेशीर आहे का? मधेच 'कोतो प्रिवादो दे कासा' अशी पाटी दिसली तर परत फिरायचं का?

कायदेशीर आहे, आणि त्या पाटीसाठी परत फिरू नका.

उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरात आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या कुरणात मेंढरं नेण्याची पद्धत स्पेनमध्ये फार जुनी. 1273 मध्ये दहाव्या आल्फोन्सो राजाने मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघटनेला सनद दिली. ती 1836 मध्ये बरखास्त झाली, वाटा मात्र सार्वजनिक राहिल्या. 1995 च्या तिसऱ्या क्रमांकाच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यात रुंदीही ठरलेली आहे : कान्यादा 75 मीटरपर्यंत, कोर्देल साडेसदतीस, वेरेदा 20. मोटार नसलेल्या वाहनाने जाण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. अट एकच, पहिला हक्क जनावरांचा.

'कोतो प्रिवादो दे कासा' याचा अर्थ इथे शिकारीचे हक्क खासगी आहेत, एवढाच. वाटेने जायला त्याने मनाई होत नाही. मनाई करणाऱ्या पाट्या वेगळ्या : 'प्रोइबिदो एल पासो' म्हणजे जाण्यास बंदी आणि 'कामिनो पार्तिकुलार' म्हणजे खासगी वाट. शंका असेल तर निघण्यापूर्वी स्पेनच्या जमीन-नोंदणीच्या संकेतस्थळावर त्या वाटेचा तुकडा पाहा. सार्वजनिक वाटा आणि ओढे यांना तिथे बहुधा 9000 च्या पुढचा तुकडा-क्रमांक असतो. राष्ट्रीय भूगोल संस्थेचे 1:25,000 प्रमाणाचे नकाशे मोफत मिळतात. फोनमधल्या नेहमीच्या नकाशावर न दिसणारी नांगरून टाकलेली किंवा कुंपणाने अडवलेली कान्यादा त्यावर निदान कुठे होती हे तरी कळतं.

फाटक बंद असेल तर उघडून जा आणि पुन्हा लावा. उघडं असेल तर उघडंच ठेवा. जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणूनही ते उघडं ठेवलेलं असतं.

प्रश्न : टायर किती रुंद, हवा किती? ट्यूबलेस असूनही एका मित्राचे स्पेनमध्ये सारखे पंक्चर झाले.

फक्त विया वेर्दे आणि कालवा करायचा असेल तर 38 ते 40 मिलिमीटर पुरे. दाबलेला मुरूम आहे, फार तर वर थोडी सुटी खडी. मेंढवाटा आणि तेरुएलचं पठार घ्यायचं असेल तर 45 ते 50. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान 6 मिलिमीटर मोकळी जागा हवी. त्याचं कारण चिखलाच्या उत्तरात येईलच.

हवेचा अंदाज असा. स्वार, सायकल आणि सामान मिळून 90 किलो असेल आणि टायर 45 चा, ट्यूबलेस असेल, तर पुढे 28 ते 30 पीएसआय, मागे 31 ते 33. दर दहा किलोमागे दोनेक पीएसआय वाढवा. आत ट्यूब असेल तर पाच-सहा जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. दुपारच्या उन्हात टायर तापतो आणि दाब आपोआप वाढतो, म्हणून हवा सकाळी सावलीत मोजा.

आता मित्राचं पंक्चर. स्पेनच्या कोरड्या वाटांच्या कडेला सराटे असतात. हो, तेच, आपल्याकडच्या माळरानावर अनवाणी पायात घुसणारे. उन्हाळ्याच्या शेवटी ते वाळून सुटतात आणि टायरला एका वेळी दहा-बारा चिकटतात. ट्यूबलेसमधलं सीलंट (भोक बुजवणारा आतला द्रव) ताजं असेल तर प्रत्येक भोक बुजतं आणि तुम्हाला कळतही नाही. पण कोरड्या, गरम हवेत सीलंट दोन-तीन महिन्यांत आटतं आणि आत नुसते रबराचे गोळे उरतात. निघण्याच्या आठवडाभर आधी 45 च्या टायरमध्ये 80 ते 100 मिलिलिटर नवं सीलंट घाला. व्हॉल्व्हची कोर काढून बारीक सळई आत घातली की किती ओलं उरलंय ते दिसतं.

टायरात रुतलेला काटा रस्त्यात उपटू नका. भोक त्यानेच बुजलेलं असतं. संध्याकाळी काढा, चाक फिरवून भोक खाली आणा आणि सीलंटला तिथे जमू द्या. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठी चीर सीलंटला आवरत नाही, तिथे रबराची वात खुपसा. टायरची बाजू फाटली तर आतून जाड प्लॅस्टिकचा किंवा जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब टाकावी लागते. इथेच बहुतेकांचं चुकतं. सीलंटच्या भरवशावर आठवडाभर चाललेल्या टायरात आतून वीस-पंचवीस काट्यांची टोकं वर आलेली असतात. ती न काढता ट्यूब घातली तर हवा भरता भरताच ती फुसकते. तुमच्या मित्राचं बहुधा हेच झालं असावं. ट्यूब घालण्याआधी कापडाने टायर आतून पुसत जा, कापड जिथे अडकेल तिथे पक्कडीने काटा ओढा.

प्रश्न : पावसात मातीच्या वाटा टाळाव्यात असं सगळे सांगतात. इतकं काय होतं?

तिएर्रा दे काम्पोस (काम्पोस शाखेभोवतीचा सपाट प्रदेश) आणि तेरुएलच्या काही भागांतली चिकणमाती ओली झाली की टायरला थरावर थर चिकटते. शंभर मीटरमध्ये चाक फ्रेमला घासू लागतं, दोनशेमध्ये फिरायचं थांबतं. ती माती पुढे चेन आणि मागच्या डेरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागात, शिरते. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं की डेरेलर स्पोकमध्ये ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा छोटा तुकडा, हँगर, तुटतो. सहल तिथेच संपते, कारण हँगर फ्रेमगणिक वेगळा असतो आणि तुमचा नेमका तुकडा खेड्यातल्या दुकानात मिळत नाही. म्हणून सुटा हँगर घरून न्यायचाच. वजन 20 ग्रॅम.

चाक अडलं की पेडल थांबवा आणि उतरा. कडेच्या गवतावरून चालवून पाहा, गवताची मुळं माती धरून ठेवतात. तेही जमलं नाही तर सायकल उचला. ढकलत नेली तर माती आणखी चिकटते. काठीने किंवा टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आधी ब्रेक आणि डेरेलरभोवतीची माती काढा, मग चाकांची. ती वाळली की गिलाव्यासारखी घट्ट होते, म्हणून ओली असतानाच निघेल तेवढी काढायची. गावात पोचल्यावर पाइपाचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नका, बादली आणि ब्रश पुरेसा आहे. मग चेन कोरडी करून तेल द्या.

रात्री पाऊस पडला असेल तर सकाळी घाई नको. ऊन आणि वारा असेल तर दुपारपर्यंत वाटेचा उंच भाग सुकतो, खोलगट जागा दुसऱ्या दिवशी. थांबता येत नसेल तर जवळचा छोटा डांबरी रस्ता धरा. खेड्यांना जोडणाऱ्या या रस्त्यांवर रहदारी फार कमी असते. गाळ नसलेल्या विया वेर्देवर पावसाचा फारसा त्रास नाही, कारण खाली रुळांसाठी घातलेल्या खडीचा थर आहे आणि पाणी निघून जातं. फक्त पुलांवरच्या लाकडी फळ्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात. तिथे वळू नका आणि ब्रेक लावू नका.

प्रश्न : गिअरची पुढची चकती 40 दाती आणि मागच्या चकत्या 11 ते 42 दाती अशी रचना आहे. सामानासकट चालेल?

विया वेर्देवर आरामात. मेंढवाटांवर अपुरी. तुमचं सर्वांत हलकं गिअर जवळपास एकास एक आहे. 45 च्या टायरवर मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर वेग ताशी सुमारे 8 किलोमीटर होतो. दहा टक्के चढावर 100 किलो एकूण वजन त्या वेगाने वर न्यायला नुसत्या चढासाठीच दोनशे वॉटहून जास्त लागतात. सुट्या खडीवर त्याहून अधिक. तासाभराने पाय जड होणारच. पुढची चकती 36 ची केलीत तर फरक जाणवेल. ती बदलली की चेन एक-दोन कड्या कमी करावी लागेल का, ते दुकानात तपासून घ्या.

प्रश्न : बोगद्यांत दिवे असतात ना? मग आपला दिवा कशाला?

काही बोगद्यांत आहेत, काहींत बटण दाबून लागतात, काहींत बंद पडलेले असतात. वळणाच्या बोगद्यात मधोमध दोन्ही तोंडं दिसत नाहीत आणि डोळे उन्हातून आल्यामुळे अर्धं मिनिट काहीच दिसत नाही. विया वेर्दे दे ला सिएर्रावरचा सर्वांत लांब बोगदा सुमारे एक किलोमीटरचा आहे. पुढे 200 ल्युमेनचा दिवा आणि मागे लाल दिवा हवा. गॉगल तोंडाशीच काढा. आत पाणी ठिबकतं, तळ खाचखळग्यांचा असू शकतो आणि समोरून चालणारी माणसं बिनदिव्याची असतात. ताशी 12 च्या वर जाऊ नका.

प्रश्न : पाणी आणि जेवणाचा अंदाज कसा घ्यावा? हॉटेलं दुपारी बंद असतात असं ऐकलं.

उलट आहे. दुपारी दोन ते चार स्वयंपाकघर चालू असतं. त्यानंतर रात्री साडेआठ-नऊपर्यंत गरम जेवण मिळत नाही. किराणा दुकानं दोन ते पाच बंद आणि रविवारी बहुतेक दिवसभर. छोट्या गावात एकच बार असतो आणि तो आठवड्यातून एक दिवस बंद असतो, बऱ्याचदा सोमवारी. म्हणून पिशवीत कायम एका जेवणाचा ऐवज हवा : पाव, चीज, सुका मेवा, मासळीचा डबा.

पाण्यासाठी गावातला सार्वजनिक नळ शोधा, त्याला 'फुएन्ते' म्हणतात. पाटीवर 'पोताब्ले' असेल तर प्या. 'नो पोताब्ले' असेल तर नको. 'आग्वा नो त्रातादा' म्हणजे प्रक्रिया न केलेलं. त्या झऱ्याचं पाणी गावकरी पितातही, पण तुम्ही गाळून किंवा गोळी टाकूनच घ्या. चौकातला नळ सापडला नाही तर गावाबाहेरच्या दफनभूमीत जा. फुलांना पाणी घालायला तिथे बहुतेकदा नळ असतो. कालव्याचं पाणी पिऊ नका, ते शेतांतून येतं. गरमीत तासाला पाऊण ते एक लिटर धरा आणि गावं विरळ असतील तिथे निघतानाच तीन लिटर घ्या.

मेरिदा ते आस्तोर्गा या रोमन मार्गावर, 'विया दे ला प्लाता'वर, हा हिशेब चुकला तर महागात पडतो. मेरिदाचा ग्वादियाना नदीवरचा लांबलचक रोमन पूल सोडला की पुढे ओक वृक्षांची कुरणं आहेत आणि वीस-पंचवीस किलोमीटर काहीच न लागण्याची तयारी ठेवावी लागते. कापार्राची चार तोंडांची कमान आणि दर रोमन मैलाला, म्हणजे सुमारे 1,480 मीटरला, रोवलेले दगड पाहायचे तर एप्रिल किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा चाळिशीच्या वर जातो. गावाबाहेर रोमन रस्त्याचा वरचा थर बहुतेक बारीक खडीचाच असे, म्हणजे ग्रॅव्हल सायकल तिथे काही परकी नाही.

प्रश्न : मेंढरांबरोबरची मोठी कुत्री अंगावर येतात. काय करावं?

ते मास्तीन. लांडग्यांपासून कळप राखायला ठेवलेले, साठ-सत्तर किलोपर्यंतचे. त्यांचं काम तुम्हाला कळपापासून दूर ठेवणं आहे, पाठलाग करणं नव्हे. वेगाने येणारी सायकल त्यांना हल्ल्यासारखी वाटते. लांबूनच थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, शांत आवाजात बोलत कळपाला मोठा वळसा घालून चालत जा. डोळ्याला डोळा भिडवू नका, दगड उचलू नका, कळप चिरून तर मुळीच जाऊ नका. मेंढपाळ दिसला तर हात करा आणि त्याने खूण केल्यावरच पुढे व्हा.

कुत्र्यांपेक्षा शिकारीचे दिवस सांभाळा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी हाकारे घालून शिकार चालते, काही प्रदेशांत लहान प्राण्यांची गुरुवारीही. वाटेच्या तोंडाशी 'बातिदा' किंवा 'मोन्तेरिया' अशी तात्पुरती पाटी दिसली की तो दिवस दुसऱ्या वाटेचा. त्या मोसमात भडक नारिंगी बंडी घाला.

प्रश्न : सांतियागोच्या यात्रावाटेने सायकलने गेलं तर प्रमाणपत्र मिळतं?

मिळतं, शेवटचे किमान 200 किलोमीटर सायकलने केल्याचे शिक्के असतील तर. चालणाऱ्यांना 100 पुरतात. शेवटच्या टप्प्यात दिवसाला दोन शिक्के घ्या. पण निवांत खडी हवी असेल तर या वाटेचा शेवटचा शंभर किलोमीटरचा भाग टाळा. तिथे सायकलस्वारापेक्षा चालणारे कितीतरी जास्त असतात आणि वाट पहिल्यांदा त्यांची आहे. यात्रेकरूंच्या धर्मशाळांतही आधी जागा चालणाऱ्यांना मिळते.

प्रश्न : ट्रेनमध्ये सायकल घेऊ देतात का? हेल्मेटची सक्ती आहे का?

मध्यम पल्ल्याच्या आणि स्थानिक गाड्यांत न सोडवता घेता येते, पण जागा मोजक्या, बऱ्याच गाड्यांत फक्त तीन. तिकीट काढतानाच सायकलची जागा घ्या. चौघे असाल तर दोन गाड्यांत विभागून जायची तयारी ठेवा. वेगवान गाडीत सायकल पिशवीत बांधूनच चालते : पेडल काढलेले, हँडल वळवलेलं, पिशवी 120 × 90 × 40 सेंटिमीटरच्या आत. पुढचं चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतो आणि चाक परत बसत नाही. डावा पेडल घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. हे ऐन वेळी आठवत नाही आणि माणसं तो उलट आणखी घट्ट करतात.

गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं आहे, सोळा वर्षांखालच्यांना सगळीकडे. हेडफोन लावून सायकल चालवली तर 200 युरो दंड होऊ शकतो. कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी क्रमांक 112. विया वेर्देवर किलोमीटरचे खांब असतात. फोन करताना जवळच्या खांबाचा आकडा सांगितला की मदत शोधत बसत नाही.